वीस संत्री आणि एक नोटीस

माझ्या मावशीच्या पिशवीत कायम संत्री असतात आणि ती खायची नसतात. आमच्या घरातल्या प्रत्येक लहान मुलाला हे एकदा तरी हातावर चापट खाऊन कळलेलं आहे. ती संत्री ऑफिसची असतात.

ऑफिस म्हणजे जमीन-पाणी संवर्धन मंडळ. नाव भारदस्त, खोल्या तीन, त्यातल्या एकीत खतांची पोती. मावशीची तिथे दोन कामं. बाहेरून येऊन इथे माजलेलं तण शोधायचं आणि उपटून घ्यायचं, हे एक. शेतकऱ्यांच्या मागे लागून पाणी वाचवायला लावायचं, हे दुसरं. ठिबक बसवा, पाट बंद पाइपात घाला, खर्चातला मोठा वाटा मंडळ उचलेल, असं सांगत ती शेतोशेत फिरते. संत्र्यांचा संबंध या दुसऱ्या कामाशी. पाटाचं पाणी किती वेगाने वाहतंय हे बघायला त्यात काहीतरी तरंगतं सोडावं लागतं. लाकडाचा तुकडा वाऱ्याने भरकटतो. बाटली हातून सुटली तर तो कचरा. संत्रं मात्र शहाण्या माणसासारखं गळ्यापर्यंत बुडतं आणि पाण्याच्या चालीने चालतं. तीस पावलांवर खूण करायची, संत्रं सोडायचं, ते खुणेपाशी आलं की घड्याळ थांबवायचं. चोवीस वर्षं मावशीने हेच केलं आहे. लोक तिला संत्रीबाई म्हणतात. लग्नकार्यात ती अत्तर लावून गेली तरी वास संत्र्याचाच येतो.

मुळात ती तिथे पत्रं टाइप करायला लागली होती. एके दिवशी पाणी मोजणारे गृहस्थ चिखलात पाय मुरगळून बसले. साहेबांनी खोलीभर नजर फिरवली तर सगळ्यांच्या पायांत चपला, एकट्या मावशीच्या पायांत बूट. ती गेली, ती पुन्हा खुर्चीला फारशी टेकलीच नाही.

तणाच्या बाबतीत तिला स्थळकाळाचं भान नसतं. लग्नाला गेली की नवरीच्या आधी नवरीच्या हातातला गुच्छ बघते. एकदा दवाखान्यात रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधलेला असताना तिने मोकळा हात लांब करून खिडकीतल्या कुंडीतलं गाजरगवत उपटलं. डॉक्टर म्हणाले, हलू नका, आकडा चुकतोय. ती म्हणाली, तुमचा आकडा पुन्हा घेता येईल, हे फुलावर आलंय. शिवाय तिचं एक घोषवाक्य आहे: पाण्यातलं घरात नको, घरातलं पाण्यात नको. तळ्यातली झाडं हौसेने घरी आणायची नाहीत आणि घरातली हौस तळ्यात ओतायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे तिने शाळांत, सभांत, चावडीवर, रांगेत उभं असताना पुढच्या बाईला, सगळीकडे सांगितलं आहे. ऑफिसच्या कॅलेंडरवरही छापून घेतलं आहे. काकांना ते रोज जेवताना ऐकावं लागतं.

काका म्हणजे मावशीचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात. बोलत जवळजवळ नाहीत. त्यांचं म्हणणं, घरात टिकटिक करणारे पुष्कळ आहेत.

तर गोष्ट अशी. मावशीच्या ताब्यात एक मातीचा पाट होता, त्यावर अकरा शेतं. वरच्या शेतात पाणी मावत नसे आणि शेवटच्या शेतात पोचत नसे. ते शेवटचं शेत टेलवाल्या वहिनींचं. पाटाच्या शेपटाला टेल म्हणतात, म्हणून त्या टेलवाल्या. सलग दोन उन्हाळे त्यांच्या बांधापर्यंत आला तो नुसता ओला चिखल. तिसराही तसाच गेला तर मी शेत विकून भावाकडे जाऊन राहीन, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं. त्यावर मावशीने सगळ्यांच्या देखत शब्द दिला होता, की यंदा तुमच्या बांधावर पाणी येईल, नाही आलं तर ही पिशवी खुंटीला टांगीन. उपाय तयार होता. पाटाच्या जागी बंद पाइप. मंडळाचं अनुदानही मंजूर होतं. अट एकच: अकराच्या अकरा सह्या एका कागदावर, शुक्रवारी पाचच्या आत. एक जरी कमी पडली तर अनुदान दुसऱ्या पाटाला जाणार.

दहा झाल्या होत्या. अकरावी तात्यांची. पाटावरचं पहिलं शेत तात्यांचं, आणि पाइप तिथूनच सुरू व्हायचा होता.

तात्यांचं आणि मावशीचं सहा वर्षांपूर्वी वाजलं होतं. त्यांच्या बांधावर तिला गाजरगवताची चार रोपं दिसली, म्हणून तिने रीतसर नोटीस दिली, सात दिवसांत काढून टाकावे. तात्यांनी सात मिनिटांत काढली. पण नोटीस चौकटीत बसवून आणली आणि बैठकीच्या खोलीत, दारातून आल्या आल्या दिसेल अशी, वडिलांच्या फोटोखाली टांगली. घरी कोणीही येवो, पाण्याच्या पेल्याआधी त्याला ती वाचून दाखवत.

बुधवारी मावशी त्यांच्याकडे गेली ती त्या चौकटीसमोरच बसली. तिने समजावून सांगितलं, की मातीच्या पाटात तिसरा हिस्सा पाणी जिरतं, उडतं, रेंगाळतं. तात्या म्हणाले, रेंगाळतं वगैरे काही नाही, खाली चोर बसलेत, आधी ते धरा, पाइप कशाला हवा. तिने टेलवाल्या वहिनींचं नाव काढलं. तात्या जरा चुळबुळले. वहिनींबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, पण चौकटीकडे नजर गेली आणि ते पुन्हा ताठ झाले.

"बाई, तुमच्या ऑफिसने कधी स्वतःला नोटीस दिलीय?"

"तशी वेळ आली नाही, तात्या."

"मग ज्या दिवशी येईल त्या दिवशी या. त्याच पेनाने सही करतो."

एवढं बोलून ते थांबले असते तर ठीक होतं. पण त्यांनी वर विचारलं, की ही संत्री पाण्यात सोडून नक्की काय कळतं, का आपली हौस? इथे मावशीचा तोल गेला. तीस पावलांचं मोजमाप करणारी बाई, ती म्हणाली, उद्या सकाळी सगळ्यांसमोर वीस संत्री तुमच्या दारात सोडते आणि टेलला मोजते. पाणी चालतं का रांगतं, तुम्हीच बघा.

गुरुवारी सकाळी वीस संत्र्यांवर मावशीने जाड पेनने एक ते वीस आकडे घातले. वर तात्या आणि ती. खाली टेलवाल्या वहिनी खुर्ची टाकून, वही घेऊन, शेजारी घड्याळ घेऊन काका. मधून पाटकरी सायकलवर. पाटकरी म्हणजे दारं उघडून ज्याला त्याला पाण्याची पाळी देणारा माणूस. अकरा शेतांत अकरांशी गोड बोलावं लागत असल्यामुळे त्याला कुठलीच गोष्ट ठामपणे सांगायची सवय राहिलेली नाही. दर दोन मिनिटांनी एक संत्रं सोडायचं ठरलं. आकडे कोरडे राहावेत म्हणून टोपली तात्यांनी आपणहून धरली आणि एकेक संत्रं स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं. मावशी नोंदी करत होती. बांधाबांधावर माणसं उभी होती आणि पहिलं संत्रं डुलत निघालं तेव्हा, पुढे सगळ्यांनी नाकारलं तरी, टाळ्या वाजल्या होत्या.

चाळीस मिनिटांत पोचायला हवं होतं. पहिलं संत्रं टेलला पोचलं दोन तासांनी. मावशी खूश. हेच तर तिला दाखवायचं होतं. मग एकामागून एक येत राहिली, वहिनी आकडे वाचत राहिल्या, काका वेळ सांगत राहिले आणि अकरानंतर पाट गप्प झाला. अर्धा तास गेला. वहिनींनी फोन करून सांगितलं, अकराच आली.

तात्यांच्या चेहऱ्यावर सहा वर्षांत नव्हता तो उजेड पडला. वीस सोडली, अकरा पोचली, नऊ चोरली. मी काय म्हणत होतो? मावशी म्हणाली, तात्या, संत्रं म्हणजे पाणी नव्हे, त्याने वेग मोजतात. कोणी ऐकेना. पाटभर एकच हिशोब फिरला: नऊ संत्री म्हणजे एवढं पाणी, म्हणजे तो चौथ्या शेतवाला, तरी मला वाटतच होतं. चौथ्याने पाचव्याचे हात हुंगले. पाचव्याने सांगितलं, मी सकाळी घरचं संत्रं खाल्लं होतं, तर त्याला कोणी साक्षीदार मिळेना. सहावा आणि सातवा सख्खे भाऊ, त्यांनी एकमेकांचे खिसे तपासले आणि त्यात मोठ्या भावाला तीन महिन्यांपूर्वी हरवलेली किल्ली सापडली. वेगाचं गणित मावशी चार वेळा समजावून चुकली होती. शेवटी टेलवरून वर आलेल्या वहिनीच म्हणाल्या, बाई, तुमचं खरं असेल, पण नऊ गेली कुठे?

हे मात्र मावशीलाही कळेना. मग निघाली शोधयात्रा, वरून खाली, एकेक शेत निर्दोष सोडत. पाटकऱ्याने सांगितलं, रस्त्याखालच्या मोरीत आत जाताना मी एकोणीस मोजली. म्हणजे वीसच असतील, मला शिंक आली होती. मोरीच्या पलीकडे पाट शंभर पावलं बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यामागून जातो. दोन्हीकडे भिंती, पायवाट नाही, तिथे कोणी जात नाही. तिथे जायचा जवळचा रस्ता एकच, मावशीच्या स्वयंपाकघरातून. तिचं परसदार त्या पाटाला लागून आहे.

तेव्हा चिखलाच्या बुटांनी, चपलांनी आणि दोन अनवाणी पायांनी सगळी वरात मावशीच्या बैठकीच्या खोलीतून, भिंतीवरच्या चौदा घड्याळांखालून आत शिरली. काका टेलवरून सायकलने घाईघाईने आधीच येऊन पोचले होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, चहा ठेवू का सगळ्यांना?

मावशी जागच्या जागी थबकली. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने पाहुण्याला आपणहून चहा विचारला नव्हता. तिने परसदाराची किल्ली मागितली. काका म्हणाले, सापडत नाही. किल्ली नेहमी दाराला असते. काका म्हणाले, हो, पण आज सापडत नाही. तेवढ्यात भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळातून टिकटिकीऐवजी खुळखुळ ऐकू आली. टेलवाल्या वहिनींनी त्याचं काचेचं दार उघडून किल्ली काढली आणि मावशीच्या हातात ठेवली.

परसातून स्टुलावर चढून सगळ्यांनी भिंतीपलीकडे डोकावलं. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसतच नव्हतं. नुसती हिरवीगार गादी. फुगीर देठांची, चकचकीत पानांची जलपर्णी, तिच्यावर जांभळ्या फुलांचे तुरे, आणि त्या गादीत, घरट्यात अंडी बसावीत तशी, आठ संत्री.

मावशीने दोन तळी या जलपर्णीतून मोकळी केली होती. पदरमोड करून होडी भाड्याने घेतली होती. ही तिच्या चुलीपासून वीस पावलांवर होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती गडद असतो, हे तिला स्टुलावर उभं राहून कळलं.

"ही इथे कुठून आली," ती म्हणाली. विचारलं पाटाला होतं, उत्तर मागून आलं.

"टबातली आहे," काका म्हणाले.

"कुठल्या टबातली?"

"निळ्या. तू शाळेत दाखवायला तीन रोपं आणली होतीस."

"ती तुम्ही वाळवून जाळणार होतात. मी कागदावर लिहून दिलं होतं."

"काडी पेटवली होती मी," काका म्हणाले. "पण त्या दिवशी तिला फूल आलं."

भिंतीवरची सगळी डोकी काकांकडे वळली.

"एकच आलं होतं," काकांनी खुलासा केला.

सगळ्यात आधी हसल्या त्या टेलवाल्या वहिनी. ज्यांचं दोन वर्षांचं पाणी त्या फुलाने अडवलं आणि प्यायलं होतं, त्या परसातल्या दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पाटकरी हसला, मग सख्खे भाऊ. चौथ्या शेतवाल्याने पाचव्याची माफी मागितली आणि हसता हसता त्याच्याच खांद्याला डोळे पुसले. मावशीला आधी रडू आलं, मग तिने काकांकडे पाहिलं. ते तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखे हात मागे घेऊन उभे होते. मग तिलाही आवरेना.

हसले नाहीत ते फक्त तात्या. ते वाट बघत होते. सगळं शांत झाल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"बाई, नोटिशीचं पुस्तक आणलंय ना?"

मावशी स्टुलावरून उतरली, त्याच स्टुलावर बसली आणि गुडघ्यावर पुस्तक ठेवून लिहायला लागली. जागेच्या मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव. तणाचा प्रकार, जलपर्णी. व्याप्ती, शंभर पावलं, काठोकाठ. मुदत, सात दिवस. तात्या मागे उभं राहून वाचत होते. त्यांनी सुचवलं, की 'नियम माहीत असूनही' असं घाला. मावशीने घातलं. देणाऱ्याची सही तिची, घेणाऱ्याची सही तिची, साक्षीदार म्हणून काका. काकांनी सही करताना हळूच विचारलं, कारणाच्या रकान्यात फुलाचं लिहायचं का? मावशीने नुसतं बघितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

तात्यांनी नोटीस दोनदा वाचली. एक प्रत मला, असं सांगितलं. मग म्हणाले, "त्या पाइपात हे असलं काही उगवत नाही ना?"

"नाही, तात्या."

"फूलबीलसुद्धा?"

"काहीच नाही. आत उजेडच नसतो."

"मग आणा तो कागद."

त्याच पेनाने सही झाली. गुरुवारी दुपारी, मुदतीच्या सव्वीस तास आधी. वहिनींनी तो कागद तीनदा हातात घेऊन तपासला, जणू शाई उडून जाईल. तात्या जाता जाता म्हणाले, सही केली, पण माझा मुद्दा सुटलेला नाही. अकरा आणि आठ एकोणीस. एक चोर आहेच.

मोरीपाशी एकोणीस मोजलेला पाटकरी काही बोलणार होता, पण सवयीने बोलला नाही.

जलपर्णी चार दिवसांत निघाली. दाताळी, दोऱ्या, अकरा घरची माणसं, आणि ओल्या बुटांनी हुकूम सोडणारी मावशी. एक पानसुद्धा पाण्यात राहता कामा नये, एका पानाची पुढच्या उन्हाळ्यात शंभर होतात. ढीग कारखान्याच्या फरशीवर वाळवला. काडी काकांनीच लावायची असं मावशीने ठरवलं होतं आणि काकांनी ती लावेपर्यंत ती शेजारी उभी राहिली. सातव्या दिवशी तिने स्वतःच्या परसाची रीतसर तपासणी केली आणि पूर्ततेचा शेरा मारला. शेऱ्याखाली एक सूचना होती: निळा टब ऑफिसात जमा करावा.

पाट मोकळा झाल्या झाल्या, पाइप यायच्या आधीच, टेलला पाणी पोचलं. थोडंसंच, घोट्यापर्यंत. वहिनी त्यात चपला घालून उभ्या राहिल्या आणि मावशीला फोन करून नुसता खळखळाट ऐकवला. भावाला त्यांनी कळवलं, की मी येतेय, पण चार दिवस राहायला.

पुढच्या आठवड्यात पाइपाच्या तोंडाची जागा आखायला मावशी तात्यांकडे गेली. बैठकीच्या खोलीत आता दोन चौकटी होत्या. डावीकडे तात्यांची चार रोपं, उजवीकडे मावशीची शंभर पावलं. तात्यांनी तिला तिचीच नोटीस पाण्याच्या पेल्याआधी वाचून दाखवली, 'नियम माहीत असूनही'वर थांबून. मग ते पाणी आणायला आत गेले.

मावशीला संत्र्याचा वास आला. आधी तिला वाटलं आपलाच असेल. मग खिडकीकडे नजर गेली. कट्ट्यावर कागद पसरून संत्र्याच्या साली वाळत घातल्या होत्या, कपाटात ठेवायला, कसर लागू नये म्हणून. त्यातल्या एका सालीवर जाड पेनने, तिच्याच अक्षरात, सात लिहिलं होतं.

तात्या पेला घेऊन आले. त्यांनी मावशीकडे पाहिलं, सालीकडे पाहिलं, पेला टेबलावर ठेवला.

"गोड होतं," ते म्हणाले.

मावशीने पिशवीतून नोटिशीचं पुस्तक काढलं. तात्यांनी विरोध केला नाही. ते भिंतीपाशी जाऊन बाजूला झाले, तिला नीट दिसावं म्हणून. दोन चौकटींच्या शेजारी त्यांनी तिसरा खिळा आधीच ठोकून ठेवला होता.